एकोणतीसने भाग जातो

मार्च लागला की धुळ्यात कडुनिंब फुलतो आणि माणसं दबक्या आवाजात बोलायला लागतात. टीव्ही मुका होतो. पाहुण्यांना फोनवरच 'यंदा दहावी आहे हो आमच्याकडे' असं सांगून परस्पर वाटेला लावलं जातं. कूलरमधला वाळा भिजतो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, जिथं जरा गारवा असतो, तिथं पायरीपायरीवर एकेक मूल पुस्तक घेऊन पुटपुटत बसलेलं असतं. भाजीची पिशवी सावरत त्यांच्यामधून वर चढताना मला उगाचच अपराध्यासारखं वाटतं. या दिवसांत मोठ्या माणसांनाही जिन्यात काही काम असू शकतं, हे मुलांना पटतच नाही.

परवा त्यातल्याच एकीनं मला अडवलं. "काकू, एवढी मोठी संख्या मूळ आहे का नाही, हे पटकन ओळखायची काही युक्ती नाही का हो?"

"नाही," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण ती बिचारी पुस्तकात तोंड घालून बसली. वर आल्यावर भाजी पिशवीतच राहिली आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून निंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास येत होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला दहावीची धास्ती वाटावी, हे हसण्यासारखंच आहे. पण माझ्या दहावीला आमच्या घरातून दोघं परीक्षेला बसलो होतो, मी आणि एक संख्या. त्यातल्या माझ्या निकालाची कुणाला फारशी काळजी नव्हती.

ती संख्या अशी: ७३९३९१३३.

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडली तर कुणानंही भाग न जाणारी. मूळ संख्या ढिगानं असतात, त्यात नवल नाही. नवल पुढं आहे. हिचा शेवटचा तीन पुसा. उरलेली ७३९३९१३ हीसुद्धा मूळ. आणखी एक अंक पुसा, ७३९३९१, तीही मूळ. असंच पुसत पुसत या: ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी एकटा सात. कुठंही हात थांबवा, उरलं ते अभंगच. उलट तिच्या शेवटी आणखी एखादा अंक जोडायला जा, कुठलाही जोडा, ती लगेच फुटते. जेवढं वाढायचं तेवढं ती वाढून बसली आहे.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. लावली होती. 'लावली' हा त्यांचाच शब्द. जळगावच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. सातापासून सुरुवात करून दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते तिला पुढचा अंक लावून बघत आणि मग लहान-मोठ्या मूळ संख्यांनी तिला भागत बसत. सुरुवातीचे अंक एकेका दुपारीत लागले, शेवटच्या तिनाला मात्र दोन उन्हाळे खर्ची पडले. सगळं पाटीवर. बाकी उरली की तो भागाकार निकामी, मग तो जपून ठेवायचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. ओलं फडकं फिरवायचं आणि पुढच्या भाजकाला हात घालायचा. गच्चीवर शेजारणी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालत असत, आम्ही पोरी काठी घेऊन कावळे हाकत बसायचो, आणि खालून आबांच्या पेन्सिलीची किरकिर ऐकू यायची.

"जगमा कोनले तरी पयलेच सापडेल व्हई," ते म्हणत. "पन माले कोनी सांगं नही. मनी माले सापडनी."

शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, इतकी शुद्ध की बाकीचे सरही जरा सावरून बोलायचे. घरात पाय ठेवला की अहिराणी. चपला आणि मराठी ते दोन्ही उंबऱ्याबाहेर काढतात, असं आई चिडवायची.

आमचं कुटुंब बौद्ध. आजोबा शिरपूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. त्या घरातून आबा गणित घेऊन पदवीपर्यंत आले आणि मास्तर झाले. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात मिठासारखं रोज लागायचं: "आपले चूक परवडत नही." शेजारच्या पोरीची बेरीज चुकली तर तिला एक धपाटा मिळायचा आणि विषय संपायचा. माझी चुकली की आबा गप्प बसायचे. मला धपाटा परवडला असता. त्यांचा शर्ट कायम इस्त्रीचा, शाळेत पोचायची वेळ घंटेच्या आधीची, आणि फळ्यावर गणित सोडवून झालं की खाली न चुकता ताळा.

ताळा म्हणजे काय, ते आताच्या मुलांना बहुतेक ठाऊक नसतं. संख्येतले अंक मिळवत जायचं, नऊ झाले की सोडून द्यायचे, शेवटी एक अंक हातात राहतो. दोन्ही बाजूंना तोच अंक आला की उत्तर बरोबर. आबा दिसेल त्याचा ताळा करत. एसटीच्या तिकिटाचा, विजेच्या मीटरचा, पाहुण्याच्या स्कूटरच्या नंबराचा. ओठ जरासे हलायचे आणि काम झालेलं असायचं. नऊ दिसला की त्यांची नजर त्याच्यावर टेकायचीच नाही, घसरून पुढं जायची. ताळ्यात नवाला किंमत नसते.

माझ्या दहावीच्या वर्षी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सुविचार रंगवून घ्यायचे ठरलं. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. "सर, तुमची ती संख्याही येऊ द्या की भिंतीवर," म्हणाले. मग 'झाडे लावा' आणि 'नेहमी खरे बोलावे' या दोघांच्या मधोमध निळ्या रंगात ती आठ अंकांची ओळ आली. खाली लिहिलं होतं: 'ही मूळ संख्या आहे. उजवीकडून एकेक अंक पुसत जा, उरेल ती संख्याही मूळच. भाग घालून पाहा!' त्याखाली आबांचं नाव, पदवीसकट.

"भितडावर नाव लिखानी काय गरज व्हती?" आई म्हणाली. हात दाखवून अवलक्षण, असं तिचं स्पष्ट मत होतं. आबा नुसते हसले. त्या आठवड्यात ते नेहमीचा जवळचा रस्ता सोडून भिंतीसमोरून घरी येत होते, हे मला माहीत होतं.

पेंटर शिडीवरून उतरला तेव्हा मी तिथंच होते. मुख्याध्यापक म्हणाले, "बघून घ्या, सर, एकदा." आबा रस्त्याच्या पलीकडे गेले, हात मागं बांधले आणि भिंतीकडे बघत ओठ हलवले. नऊ सोडले. तीन त्रिक नऊ, सोडले. सात नि तीन नि एक, अकरा. अकराचे दोन. "दोन. ताळा जमला," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी मान डोलावली, पेंटरनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. कागदाची चिठ्ठी, जिच्यावरून त्यानं अंक उतरवले होते, तिचा बोळा करून त्यानं हात पुसले.

त्याच उन्हाळ्यात शाळेचे पर्यवेक्षक निवृत्त होत होते आणि ज्येष्ठतेनं पुढचं नाव आबांचं होतं. संस्थेची बैठक परीक्षा संपल्यावर व्हायची होती. घरात हा विषय कुणी काढत नसे. पण आईची पोळी तव्यावर करपायला लागली की ती कुठं हरवली आहे ते कळायचं. वर्गात शिकवणाऱ्याला मुलं सर म्हणतात. पर्यवेक्षकाला बाकीच्या सरांनाही सर म्हणावं लागतं. आमच्या वस्तीतलं कुणीही तोवर तशा खुर्चीत बसलेलं नव्हतं.

बोर्डाची परीक्षा सुरू झाली. मी परीक्षेला बसलेली, म्हणून आबांची नेमणूक जळगावात न करता शिरपूरच्या केंद्रावर झाली. घरात फोन नव्हता. मी आणि आई दोघीच राहिलो. सकाळी आई दही-साखर हातावर ठेवायची.

इंग्रजीचा पेपर देऊन बाहेर आले तर सुनंदा पाण्याच्या टाकीजवळ माझी वाट बघत उभी. सुनंदा माझ्या वर्गातली. बोदवडकडच्या एका खेड्यातून रोज पॅसेंजरनं जळगावला यायची, कारण तिच्या गावात गणिताला सर नव्हते. आबांवर तिची इतकी भक्ती होती की माझ्याशी मैत्रीसुद्धा तिनं त्यांच्यामुळंच केली असावी. आज तिचा चेहरा पेपर अवघड गेल्यासारखा झाला होता.

"मले भेव वाटते वं," ती म्हणाली. "सरायची संख्या एकोनतीसनं जाते."

"काय?"

"गाडीत बसल्या बसल्या भाग देत होती मी. सातनं गेली नाही, अकरानं नाही, तेरा, सतरा, काहीच नाही. एकोनतीसनं गेली. बाकी उरलीच नाही. तू पाहाय ना एकडाव."

आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे पाठ असत आणि त्यात एकोणतीसचा पाढा म्हणजे सगळ्यांचा वैरी. सुनंदाला तो झोपेतही यायचा. आम्ही दोघी तशाच भिंतीपाशी गेलो. मी तळहातावर शाईनं अंक उतरवून घेतले आणि निंबाखाली बसून प्रश्नपत्रिकेच्या मागं भागाकार मांडला. एकेक अंक खाली उतरवत गेले. शेवटी हातात दोनशे तीन आले. एकोणतीस सत्ते दोनशे तीन. खाली शून्य. ताळा केला, तोही जमला. कोरा, स्वच्छ भागाकार, आबांनी फळ्यावर लिहावा तसा.

"कोनाले सांगू नको," मी तिला म्हटलं. तिच्या बोलीत म्हटलं, म्हणजे नक्की कळेल. पण आमच्या शाळेतले एक क्लार्क भुसावळहून त्याच गाडीनं अप-डाऊन करायचे, आणि सुनंदा गाडीत भाग देताना तोंडानं पाढे म्हणत होती. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमला सगळं ठाऊक होतं. कुणीतरी सराफ बाजारात जाऊन पेढीवरच्या कॅल्क्युलेटरवर भाग घालून आलं. यंत्रानंही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर, आबांच्या नावाच्या बरोबर वर, कोळशानं भला मोठा '२९' उमटला.

दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी मी शाळेत जुने पेपर आणायला गेले होते. माठाजवळ दोन सर उभे होते, त्यांची पाठ माझ्याकडे. "तरी मी म्हणत होतो," त्यातले एक म्हणाले, "वरच्या जागेवर बसवताना जरा बघून…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अशी वाक्यं पुरी करावी लागत नाहीत, ऐकणारा करून घेतो. मीही केलं. पेपर न घेताच परत फिरले.

ते दोन-तीन दिवस माझ्या अंगात आजही कुठंतरी आहेत. ऊन असं की डांबराला चपला चिकटायच्या. डाळमिलच्या बाजूनं वारा आला की हवेत हरभऱ्याच्या टरफलांची भुकटी, घसा कोरडा. मी पुस्तक उघडायची आणि ओळींवर तो '२९' दिसायचा. गणिताचा पेपर तोंडावर आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला गणिताची भीती वाटत होती. आबा या संख्येत चुकले असतील तर बाकी सगळं कशावरून बरोबर? त्यांनी शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीखालची जमीन हलत होती. आणि शिरपूरला आबा परीक्षेच्या वर्गात, इस्त्रीचा शर्ट घालून, रांगांमधून फिरत असतील, काहीही माहीत नसताना. मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचा रागही येत होता.

गणिताच्या पेपराच्या आदल्या दुपारी आबा आले. रिक्षा शाळेवरून आली असणार, कारण त्यांनी घरात शिरल्यावर मला पेपर कसे गेले हेही विचारलं नाही. पाणी प्यायले. शर्ट काढून खुंटीला लावला आणि कोनाड्यातली पाटी घेतली.

"एकोनतीस कोनी लिखं?"

"लिहिलं कुणी माहीत नाही, आबा. पण भाग सुनंदानं दिला. मीही दिला. जातो."

आबा खाली बसले. पाटीवर मनातूनच संख्या लिहिली आणि भागायला लागले. पेन्सिलीची किरकिर, पंख्याची घरघर, आणि दारात उभी आई, पिठाचे हात तसेच हवेत धरलेली. आबांनी ताळा केला. पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, पुन्हा भागलं.

"आठ उरतस," ते म्हणाले.

"माझं शून्य येतं."

"ताळा?"

"जमला."

"मना बी जमना."

एकच संख्या, एकच भाजक, दोन उत्तरं, आणि दोन्हींचा ताळा बरोबर. गणितात असं होत नसतं. एक क्षण माझ्या मनात आलं की आबांना मुद्दाम आठ उरवता येतात. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, स्टाफरूममध्ये कुणी काय म्हटलं असेल याची कल्पना त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच आली.

"तुनी वाच," ते हळूच म्हणाले. "अंक नको वाचू. संख्या वाच."

मी प्रश्नपत्रिका उलटी केली. "सात कोटी एकोणचाळीस लाख एकतीस हजार…"

आणि थांबले. लहानपणापासून ऐकलेली ती संख्या. एकोणचाळीस लाख, एकोणचाळीस हजार. दोन एकोणचाळीस, जोडीनं. भागाकार करताना मी एकेक अंक खाली उतरवत होते, संख्या तोंडानं एकदाही म्हटली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

भिंतीवर ७३९३१९३३ होतं. नऊ आणि एक यांची अदलाबदल झाली होती. ब्रशनं काढलेला १ आणि ९, दोघांची वळणं भावाभावांसारखी. पेंटरकडून उलटे पडले. बेरीज तीच, म्हणून ताळा तोच. अंक कुठल्या जागी बसलाय हे ताळ्याला कळतच नाही. सुनंदाचा भागाकार बरोबर होता, आबांची संख्या बरोबर होती, आणि भिंत चुकली होती.

आबा पाठीमागच्या भिंतीला टेकले. डोळे मिटून घेतले. "नऊ मी वाचाच नही," ते म्हणाले. "सोडी दिधा."

आईचा जीव मात्र भांड्यात पडला. "मंग ती पेंटरनी चूक शे! सांगी द्या सगळासले."

आबा शर्ट चढवून मुख्याध्यापकांच्या घरी गेले. तिथं काय झालं ते त्यांनी नंतर सांगितलं. मुख्याध्यापक भले होते, पण भल्या माणसांना भांडण नको असतं. ते म्हणाले, "सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण लोक म्हणतील, सापडल्यावर संख्या बदलली. पुरावा काय आहे? उद्या भिंतीला चुना फिरवून टाकू. सुट्टी लागेल, बैठक होऊन जाईल, कुणाच्या लक्षातही राहणार नाही." पुरावा खरंच नव्हता. चिठ्ठीचा बोळा झाला होता आणि सगळे उन्हाळे पाटीवरून पुसले गेले होते. गप्प बसणं हाच शहाणपणा होता, आणि गप्प बसण्यात आबांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ते परत आले ते पेंटरकडून निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. "चल," मला म्हणाले, "डबा धर."

"सकाय पोरना गणितना पेपर शे!" आई ओरडली.

"तोच चालू शे," आबा म्हणाले.

ऊन कलतं झालं होतं तरी भिंत तव्यासारखी तापलेली. आबा शाळेतलं स्टूल घेऊन वर चढले. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. येणारी-जाणारी माणसं थबकली, त्यांत स्टाफरूममधलेही दोघं होते. आबांनी वरच्या चुकलेल्या संख्येला हात लावला नाही. कोळशाच्या '२९' वर ब्रश फिरवून तो नीट निळा केला आणि पुढं लिहिलं: 'ने भाग जातो. शोधणारी: सुनंदा, इयत्ता दहावी.' मग नावाच्या खाली, वरच्या संख्येच्या बरोबर रेषेत, खरी संख्या लिहिली. प्रत्येक अंक मोठ्यानं म्हणत. सात. तीन. नऊ. तीन. नऊ. नवाच्या वेळी जरा थांबले. त्याखाली: 'वरच्या संख्येत दोन अंक उलटे पडले. तपासली मी होती. चूक माझी.' आणि पुन्हा एकदा नाव, पदवीसकट.

पेंटरचं नाव कुठंही नव्हतं. माझ्या हातातला डबा जड झाला होता आणि मला रडू येत होतं. भीतीचं होतं की अभिमानाचं, तेव्हा कळलं नाही. अभिमानाचं होतं, आता सांगते.

घरी परतताना मी विचारलं, "आबा, भीती नाही वाटली?"

"वाटनी ना." त्यांनी ब्रश या हातातून त्या हातात घेतला. "दुसरा कोनी चुकना ते ती चूक ऱ्हास. आपन चुकनूत ते लोके जात दखाडतस. म्हनीसन मी जनमभर चुकानंच नही, आशे ठरायेल व्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज मी नुसती चूक करी. बाकीना करतस तशी."

इतकं हलकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

माझा गणिताचा पेपर चांगला गेला. पैकीच्या पैकी नाही मिळाले, एक उदाहरण साफ चुकलं होतं. घरी येऊन सांगताना मी नेहमीच्या गप्पपणाची तयारी ठेवली होती. आबांनी विचारलं, "कोनतं?" आणि आम्ही दोघांनी ते पाटीवर सोडवलं. आजवर मला मिळालेल्या सगळ्या गुणांपेक्षा तो एक प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. पर्यवेक्षक त्या वर्षी दुसरेच झाले. भिंतीमुळं की ते आधीच ठरलेलं होतं, कोण जाणे. आई बरेच दिवस मुख्याध्यापकांच्या नावानं बोटं मोडत होती. आबा पूर्वीसारखेच घंटेच्या आधी शाळेत जात राहिले. सुनंदा पुढं बोदवडकडेच गणिताची बाई झाली. तिच्या गावात आता गणिताला सर नाहीत ही तक्रार उरली नाही.

ताळा करणं आबांनी सोडलं नाही, पण त्यानंतर ते प्रत्येक आकडा आधी तोंडानं वाचायचे. ती सवय माझ्यातही उतरली. बँकेचा ओटीपी आला की मी एकेक अंक मोठ्यानं म्हणते आणि मुलं हसतात. "आई, तो गुप्त असतो गं!" म्हणतात. हसू देत.

नव्वदच्या दशकात, आबा निवृत्त झाल्यावर, मी माहेरी गेले होते. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन परत आणत होते. रिक्षा शाळेवरून निघाली तेव्हा आबा म्हणाले, "थांबाड जरासं." आम्ही खाली उतरलो. भिंत कुणी पुन्हा रंगवली नव्हती. उजव्या अंगाला टाकीचा पाइप गळत होता आणि तिथून दर पावसाळ्यात गिलावा पडत आला होता. 'झाडे लावा' डावीकडं शाबूत होतं, 'खरे बोलावे' कधीच पडून गेलं होतं. आमच्या दोन्ही ओळींचे शेवटचे चार-चार अंक गिलाव्याबरोबर गेले होते. 'चूक माझी' गेलं होतं, नाव गेलं होतं, सुनंदाही गेली होती.

आबा चष्मा पुसून भिंतीच्या अगदी जवळ गेले. वरच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "सात. तीन. नऊ. तीन." मग खालच्या ओळीवर. "सात. तीन. नऊ. तीन."

"भाग जास का?" त्यांनी मला विचारलं.

"नही, आबा."

ते जरा मागं सरकले, पुन्हा एकदा वरची ओळ बघितली, मग खालची. "आते दोन्ही बरोबर शेतस," ते म्हणाले, आणि रिक्षात जाऊन बसले.